ट्रॅकवर चालवताना गाडीत कॅमेरा कुठला लावायचा: तीन कॅमेरे वापरून झाल्यावरचं माझं मत

गेल्या दोन वर्षांत ट्रॅकवरचं शूटिंग करायला मी तीन कॅमेरे वापरले. एक विकून टाकला, एक आता रोज ऑफिसला जाता-येता डॅशकॅमचं काम करतो आणि तिसरा फक्त ट्रॅकसाठी ठेवलाय. मी रेसर नाही. मुलुंडला राहतो, २०१४ ची पोलो जीटी टीएसआय आहे, वर्षातून दोन-तीनदा रजा टाकून मावसभावाला बरोबर घेऊन ट्रॅक डेला (फी भरून स्वतःची गाडी रेसिंग ट्रॅकवर चालवायचा दिवस) जातो, तीच गाडी चालवत न्यायची, दिवसभर ट्रॅकवर फिरवायची आणि तीच घेऊन घरी यायचं. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे झाला, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक झाला. मुंबईहून दोन्हीकडे हजार किलोमीटरच्या वर जायचं, टायर-ब्रेकपॅड झिजवायचे, एन्ट्री फी भरायची, आणि एवढं करून दिवसभरात ट्रॅकवर मिळतात ती २०-२० मिनिटांची चार-पाच सेशन्स. त्या तासा-दीड तासात काय चुकलं ते घरी बसून नीट बघता यावं म्हणून कॅमेरा. माझ्यासाठी हा शौकाचा भाग नाही, शिकण्याचा आहे, आणि मी घ्यायला निघालो तेव्हा जेवढे रिव्ह्यू बघितले ते सगळे बाइकवाल्यांचे, ट्रेकवाल्यांचे, गोव्याला पाण्यात उड्या मारणाऱ्यांचे, बंद गाडीच्या आत लावून ट्रॅकवर काय होतं ते सांगणारं मराठीत काहीच सापडलं नाही, म्हणून लिहितोय.

घ्यायच्या आधी एकच ठरवा, व्हिडिओ बघणार कोण. मित्रांना दाखवायचा असेल, रील टाकायचं असेल तर हातात येईल तो कॅमेरा घ्या, सगळे चांगले आहेत. पण स्वतःला शिकायचं असेल तर ४के, ५.३के, ८के हे रिझोल्यूशनचे आकडे शेवटी बघायचे. आधी हे बघायचं की स्टॅबिलायझेशन (हलणारं चित्र कॅमेऱ्यानेच स्थिर करायची सोय) पूर्ण बंद करता येतं का, गाडीत घट्ट बसतो का, आणि भर उन्हात २० मिनिटं न थांबता चालतो का. ह्या तिन्ही गोष्टी मी पैसे घालवून शिकलो.

पहिला कॅमेरा म्हणजे गाडीतला डॅशकॅमच, नाव लिहित नाही कारण रस्त्यावर तो त्याचं काम अगदी नीट करतो. मला वाटलं पुढच्या काचेवर आहेच लावलेला, ट्रॅकवरही तोच चालेल, वेगळा खर्च कशाला. दोन सेशन्स झाली, संध्याकाळी हॉटेलवर कार्ड काढून बघितलं तर एका सेशनचे एक-एक मिनिटाचे तुकडे, आणि त्यातले अर्धे इमर्जन्सीच्या फोल्डरमध्ये. डॅशकॅममध्ये जी-सेन्सर असतो, जोराचा झटका बसला की अपघात झाला असं समजून ती फाइल तो लॉक करतो. ट्रॅकवर तर प्रत्येक ब्रेकिंग म्हणजे त्याच्या हिशोबाने अपघात. सेन्सिटिव्हिटी कमी करून हा त्रास जातो, ते मला नंतर कळलं, पण त्याहून मोठी अडचण सेटिंगने जाण्यातली नाही, ती म्हणजे तो फक्त पुढचं बघतो. रस्ता दिसतो, माझे हात दिसत नाहीत, आणि स्टिअरिंगवर हात काय करतायत तेच तर बघायचं असतं. त्याची एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, बऱ्याच डॅशकॅममध्ये लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असतो त्यामुळे उन्हाला ते दाद देत नाहीत. अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांचं (खेळात, प्रवासात लावायचे ते छोटे मजबूत कॅमेरे) तसं नाही, त्याबद्दल खाली येतोच.

मग दुसरा घेतला तो अ‍ॅक्शन कॅमेरा, नवाकोरा, भरपूर फीचर्सवाला. आणि इथे तो स्टॅबिलायझेशनचा धडा मिळाला.

गोप्रोने २०१८ ला हीरो ७ ब्लॅकमध्ये हायपरस्मूद नावाचं त्यांचं स्टॅबिलायझेशन आणलं आणि तेव्हापासून झाडून सगळ्या कंपन्या त्याच्याच मागे लागल्यात. सायकलवर, डोंगरात, पळताना त्याचा उपयोग आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण गाडीच्या आत ते नको. कारण असं की कॅमेऱ्यात जायरो म्हणजे फिरणं ओळखणारा सेन्सर असतो, त्याला एवढंच कळतं की आपण डावीकडे फिरलो. कॅमेरा गाडीला बांधलाय आणि गाडीच फिरली हे त्याला कळत नाही. मग तो चित्र उलट्या बाजूला सरकवून बाहेरचं जग स्थिर ठेवायचा प्रयत्न करतो, आणि त्या नादात गाडीचा डॅशबोर्ड, स्टिअरिंग, माझे हात, सगळं फ्रेममध्ये इकडून तिकडे तरंगत जातं. सरळ रस्त्यावर व्हिडिओ छान दिसतो, त्यामुळे ईस्टर्न फ्रीवेवर ट्राय करून बघितलं तेव्हा काहीच कळलं नाही, ट्रॅकवर पहिला कॉर्नर आला आणि स्टिअरिंग चित्रात एवढं हललं की मी ते किती वळवलंय हे सांगताच येईना. शिवाय स्टॅबिलायझेशन चालू असलं की कडा कापल्या जातात, म्हणजे वाइड लेन्सचे पैसे दिले तो भागही थोडा गेलाच.

ते बंद केलं की उलट होतं. डॅशबोर्ड चित्रात एका जागी पक्का राहतो आणि बाहेरचं क्षितिज हलतं. तेच हवंय! ब्रेक मारल्यावर गाडी नाकावर किती बसते, कॉर्नरमध्ये किती झुकते, हे सगळं त्या क्षितिजावरून वाचता येतं. होरायझन लॉक नावाचं, क्षितिज कायम आडवं ठेवणारं जे फीचर आहे तेही ह्याच कारणाने बंद ठेवायचं. काही कॅमेऱ्यांमध्ये स्टॅबिलायझेशन बंद करायचा ऑप्शन काही मोडमध्ये मिळतो आणि काहीत मिळत नाही, म्हणून दुकानात उभं असतानाच मेन्यू उघडून आपल्याला हव्या त्या रिझोल्यूशनला आणि फ्रेमरेटला (सेकंदाला किती चित्रं) ते पूर्ण ऑफ होतंय ना ते बघून घ्या. दुकानदाराला वाटेल हा उलटंच काय विचारतोय, वाटू दे.

आता माउंट, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण कॅमेऱ्यापेक्षा हे महत्त्वाचं आहे असं माझं स्पष्ट मत झालंय.

हा दुसरा कॅमेरा घेतल्यावरच्या पहिल्या ट्रॅक डेला मी काचेवर सक्शन कपवाला माउंट लावून गेलो होतो. घरून निघताना लावलेला, बाराशे किलोमीटर जागचा हलला नव्हता, माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास. सकाळी गाड्यांची तपासणी सुरू झाली, तपासणारे काका आले, बॉनेट बघितलं, बॅटरीचं टर्मिनल हलवून बघितलं, टो हुक बघितला, मग खिडकीतून हात घालून कॅमेरा धरला आणि ओढला. जोरात नाही, आपण कपाटाचं दार उघडतो तेवढ्याच जोराने. कप काचेवरून निघून सरळ त्यांच्या हातात. ते एक शब्द बोलले नाहीत, कॅमेरा माझ्या हातात दिला आणि पुढच्या गाडीकडे गेले. तेव्हा राग आला होता, आज त्या माणसाचे मनापासून आभार मानतो. कॅमेरा दीडशे ग्रॅमचा असतो, नुसत्या ब्रेकिंगमध्ये त्याचं काही वाटत नाही, पण गाडी भिंतीला लागली आणि ३० जीचा, म्हणजे वजनाच्या ३० पट झटका बसला तर तोच कॅमेरा साडेचार किलोच्या जोराने सुटतो, आणि सुटून कोणाकडे जाणार तर आपल्याकडेच.

कप का सुटला ते नंतर समजलं. एक तर आपल्या मुंबईच्या हवेत काचेवर आतून एक चिकट थर बसतोच, खारी हवा, एसीचा ओलावा, त्यात वॉशिंगवाला डॅशबोर्डला पॉलिश मारतो त्याचा तेलकटपणा काचेवर चढतो. डोळ्यांना काच स्वच्छ दिसते पण बोट फिरवलं की रेघ उमटते. दुसरं म्हणजे ऊन. कपाखाली राहिलेली थोडी हवा तापून फुगते, रबर मऊ पडतं, पकड जाते. सक्शन कपच लावायचा असेल तर काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, प्रत्येक सेशनच्या आधी काढून परत लावायचा, आणि कॅमेऱ्याला वेगळी बारीक स्टीलची वायर बांधून ती सीटच्या किंवा ग्रॅब हँडलच्या पक्क्या भागाला अडकवायची. ही वायर कुठलाही माउंट असला तरी हवीच. हेल्मेटवर कॅमेरा लावायचा विचारसुद्धा करू नका, बहुतेक आयोजक लावू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे.

रोल केज (गाडीच्या आत बसवलेला धातूच्या पाइपांचा सांगाडा) असेल तर प्रश्नच मिटला, पाइपला धातूचा क्लॅम्प लावायचा. माझ्यासारख्या घरच्या गाडीत केज नसते, तिथे हेडरेस्टच्या दांड्या कामाला येतात. मी आणि मावसभाऊ एका शनिवारी नागदेवी स्ट्रीटला गेलो, आतून रबर लावलेले क्लॅम्प घेतले, एका फॅब्रिकेटरकडून २५ मिमीचा अ‍ॅल्युमिनियम पाइप मापाने कापून घेतला, आणि पुढच्या दोन्ही सीटच्या हेडरेस्टच्या दांड्यांना मागच्या बाजूने आडवा बसवला. कॅमेरा त्याच्या मधोमध, दोन सीटच्या फटीत, साधारण माझ्या खांद्याच्या उंचीवर. सगळा खर्च हजाराच्या आत. बाजारात तयार मिळणारा लांब वाकडा हात मुद्दाम वापरला नाही, कारण हात जेवढा लांब तेवढा कॅमेरा लटलटणार, काठीच्या टोकाला दगड बांधल्यासारखा. आणि लटलटला की ती जेली येते, म्हणजे चित्र पाण्यात पडल्यासारखं लहरतं. सेन्सर चित्र वरपासून खालपर्यंत ओळीओळीने वाचतो, तेवढ्यात कॅमेरा हलला की वरच्या ओळी एकीकडे आणि खालच्या दुसरीकडे. भर उन्हात शटर खूप वेगवान होतं त्यामुळे ही जेली आणखी ठळक दिसते, एनडी फिल्टर म्हणजे लेन्सवरची काळसर काच लावली की शटर जरा सावकाश होतं आणि डोळ्यांना त्रास कमी होतो. पण आधी माउंट ताठ करा, फिल्टर नंतर.

माउंटची परीक्षा घ्यायला ट्रॅकपर्यंत जायची गरज नाही. पावसाळ्यानंतर घोडबंदर रोडवरून एक फेरी मारून आलो, घरी येऊन व्हिडिओत फक्त आरशाची कड बघितली. आरशाची कड फ्रेमच्या त्याच जागी राहिली तर माउंट पास. आणि एक विनंती, हे टेस्टिंग साध्या वेगात करा. अटल सेतूवर १०० ची आणि कोस्टल रोडवर जास्तीत जास्त ८० ची मर्यादा आहे, तिथे कॅमेरा लावून वेग दाखवणारे व्हिडिओ मी बघतो तेव्हा वाईट वाटतं. वेगाची हौस असेल तर वडाळ्याला कार्टिंगला जा, पैसे साठवून ट्रॅक डेला या, पण बाकीच्या लोकांच्या मधे नको.

कॅमेरा सीटच्या मधे गेला की दोन नवे प्रश्न येतात. पहिला उजेडाचा. फ्रेमचा मोठा भाग म्हणजे अंधारी केबिन, कॅमेरा ती उजळवायला जातो आणि बाहेरचा ट्रॅक पांढरा फटक होतो, कर्ब (ट्रॅकच्या कडेची उंचवट्याची पट्टी) कुठे सुरू झाला तेही दिसत नाही. एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजेड, अर्धा ते एक स्टॉप खाली घ्यायचं, किंवा स्क्रीनवर काचेच्या भागावर बोट दाबून तिथे लॉक करायचं. केबिन काळपट राहिली तरी चालेल, स्टिअरिंग आणि हात दिसले की पुरे. दुसरा प्रश्न काचेत पडणाऱ्या डॅशबोर्डच्या सावलीचा. माझ्या गाडीचा डॅशबोर्ड पॉलिशमुळे चकाकतो, त्याचं प्रतिबिंब बरोबर एपेक्सच्या, म्हणजे कॉर्नरच्या सगळ्यात आतल्या बिंदूच्या जागी यायचं. दादरहून काळ्या वेलवेटचा मीटरभर तुकडा आणला, मापाने कापला आणि कापडी टेपने चारी कडा डॅशबोर्डला चिकटवल्या, कुठेही सुटा कोपरा ठेवला नाही, एअरबॅगच्या झाकणाची जागा मोकळी सोडली. एवढ्याने चित्र असं स्वच्छ झालं की मावसभाऊ म्हणाला दादा हा वेगळाच कॅमेरा वाटतोय.

आता ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते सांगतो. स्टिअरिंगच्या वरच्या मध्यावर मी पिवळ्या इन्सुलेशन टेपची एक पट्टी गुंडाळलीय, दोन बोटं रुंद. रेसिंगवाल्यांच्या स्टिअरिंगवर अशी खूण असते ती ह्यासाठी, चाकं सरळ कुठे आहेत ते कळावं म्हणून. व्हिडिओत ती पट्टी घड्याळाच्या काट्यासारखी दिसते. इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे, त्यात सी-१ हा वेगाचा कॉर्नर, आणि मी वर्षभर ठामपणे सांगत होतो की तिथे माझी गाडी पुढून घसरते, टायर बदलायला हवेत. घरी लॅपटॉपवर एक-एक फ्रेम पुढे सरकवून बघितलं. पट्टी बाराच्या जागेवरून एकपर्यंत गेली, मग किंचित मागे आली, मग झटक्याने दोनपर्यंत गेली. परत पुढचा लॅप, तेच. परत पुढचा, तेच. मी कॉर्नर एकदाच वळत नव्हतो, दोन टप्प्यांत वळत होतो. आत शिरताना घाबरून थोडं सोडत होतो आणि मग कमी पडलं म्हणून जास्त ओढत होतो, त्या दुसऱ्या ओढण्याला पुढचे टायर नाही म्हणत होते. टायरचा काहीही दोष नव्हता! चार टायरचे पैसे त्या पट्टीने वाचवले. आणि हे गाडी चालवताना मला एकदाही जाणवलं नव्हतं, शेजारी बसलेल्या भावालाही नाही.

फ्रेमरेट का महत्त्वाचा तेही इथेच कळतं. ताशी १०० ला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. २५ फ्रेमला शूट केलं तर दोन फ्रेमच्या मधे गाडी मीटरभर पुढे, ५० ला केलं तर अर्धा मीटर. हाताची ती मागे-पुढे हालचाल ५० मध्ये स्वच्छ दिसते, २५ मध्ये नुसती थरथर वाटते. म्हणून मी ४के ५० ला करतो, ८के असलं तरी त्यातून मला ह्याहून वेगळं काही कळणार नाही. लेन्स मात्र एकदम वाइड ठेवत नाही, लिनिअर (कडा वाकड्या न दाखवणारा मोड) ठेवतो, वाइडमध्ये ट्रॅक लांब आणि बारीक दिसतो आणि अंतराचा अंदाज चुकतो.

जीपीएसबद्दल सगळे विचारतात, तर माझं मत ऐका. लोक म्हणतात हीरो १२ घेऊ नको त्यात जीपीएस नाही. बरोबर आहे, २०२३ च्या हीरो १२ मधून गोप्रोने जीपीएस काढलं आणि २०२४ च्या हीरो १३ मध्ये परत आणलं, ११ मध्ये होतंच. डीजेआयच्या ऑस्मो अ‍ॅक्शनला त्यासाठी वेगळा रिमोट लागतो. पण जरा विचार करा, हात बघायला कॅमेऱ्याची सगळ्यात चांगली जागा म्हणजे दोन सीटच्या मधे, आणि जीपीएसला आकाश बघायला सगळ्यात वाईट जागा तीच, वर पत्र्याचं छप्पर. कुठल्याही कंपनीचा कॅमेरा असो, तिथे सिग्नल अर्धामुर्धाच येणार. म्हणून कॅमेऱ्यातल्या जीपीएससाठी जास्त पैसे घालू नका. फोनचं जीपीएस साधारण सेकंदाला एकदा जागा सांगतं, म्हणजे १०० च्या वेगाला २८ मीटरला एक ठिपका, ब्रेकिंग पॉइंट त्यातून कळणं शक्य नाही. रेसबॉक्ससारखा वेगळा रिसीव्हर सेकंदाला २५ वेळा सांगतो, म्हणजे मीटरभराला एक ठिपका. तो डॅशबोर्डवर काचेखाली पक्का बसवायचा, फोनवर रेसक्रोनो अ‍ॅपला जोडायचा, आणि घरी येऊन व्हिडिओ त्याला लावून घ्यायचा. रिसीव्हर स्वस्त नाही, मीसुद्धा वर्षभर थांबून घेतला, पण दोन लॅप शेजारी-शेजारी ठेवून वेग कुठे कमी-जास्त झाला ते बघितलं की पैसे कुठे गेले ते कळतं. पहिल्या वर्षी नुसता कॅमेरा पुरतो, पट्टी आणि आवाज एवढ्यावरच भरपूर शिकता येतं.

हो, आवाज. ट्रॅकवर बहुतेक ठिकाणी खिडक्या खाली ठेवायला सांगतात, त्यामुळे कॅमेऱ्याच्या माइकमध्ये नुसतं वारं. आणि आवाज तर फार कामाचा असतो, टायर कधी ओरडायला लागले, अ‍ॅक्सिलरेटर कधी सोडला, हे कानाने लगेच कळतं. कॉलरला लावायचा साधा वायरवाला माइक घेतला, स्पंजसकट, मागच्या सीटच्या पायाशी कार्पेटवर टेपने चिकटवला. गोप्रोला त्यासाठी मीडिया मॉड नाहीतर माइकचा जोड लागतो, तो वेगळा घ्यावा लागतो, बजेट करताना हे धरून चला.

उन्हाचं राहिलं. दुसरा जो नवाकोरा घेतला होता तो दुपारच्या सेशनमध्ये नवव्या मिनिटाला बंद पडला, तापला म्हणून. मला कळलं पार्किंगमध्ये आल्यावर. कंपनीला दोष देत नाही, अशा कॅमेऱ्यांची मर्यादा साधारण ३५ ते ४५ अंशांपर्यंतच सांगितलेली असते, आणि एप्रिलमध्ये चेन्नईजवळ उन्हात उभ्या गाडीच्या आत काय तापमान असतं ते तुम्हीच समजा. उपाय असा निघाला की बॅटरी काढून ठेवायची, वायर जाण्यासाठी भोक असलेलं दार मिळतं ते बसवायचं, आणि गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवरून यूएसबीने चालवायचा. बॅटरी नसली की उष्णतेचं एक मोठं कारण गेलं. वायफाय बंद, मागची स्क्रीन बंद. सेशन संपलं की कॅमेरा गाडीत ठेवायचा नाही, सावलीत न्यायचा. एकदा भावाने काळजीने पाण्याच्या बाटल्यांच्या बर्फाच्या डब्यात ठेवला, बाहेर काढल्यावर काचेवर आतून धुकं, पुढचं सेशन निम्मं पांढरं गेलं, तेव्हा बर्फ नाही, फक्त सावली. आणि अशी डायरेक्ट वायर असेल तर गाडी बंद करायच्या आधी रेकॉर्डिंग बंद करायची सवय लावा. करंट अचानक गेला की शेवटची फाइल खराब होऊ शकते, आणि नेमका चांगला लॅप त्यातच असतो.

कार्डवर काटकसर नको. रेकॉर्डिंग १२० एमबीपीएसला (सेकंदाला १२० मेगाबिट) असेल तर मिनिटाला साधारण ९०० एमबी, २० मिनिटांचं सेशन म्हणजे १८ जीबी, पाच सेशन्स ९० जीबी, तेव्हा १२८ जीबीचं व्ही३० (सेकंदाला किमान ३० एमबी लिहिणारं) कार्ड एका दिवसाला पुरतं. रस्त्यावरच्या एका स्टॉलवरून निम्म्या किमतीत घेतलेलं १२८ चं कार्ड मी वापरलंय, ३० जीबीच्या पुढच्या सगळ्या फाइल उघडल्याच नाहीत. बिलासकट घ्या, घरी आल्यावर पूर्ण भरून तपासा, मग बॅगेत टाका.

बाकी पर्याय पटकन सांगतो. फोन लावू नका, जड आहे, तापतो, आणि लेन्समध्ये हलणारे भाग असतात त्यांना कंपन चालत नाही, बाइकच्या इंजिनच्या कंपनाने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो असं खुद्द अ‍ॅपलने २०२१ ला सांगितलंय. ३६० वाले, इन्स्टा३६० चे एक्स-३, एक्स-४ वगैरे, एका कॅमेऱ्यात रस्ता, हात, चेहरा सगळं पकडतात, कल्पना फार छान आहे. पण नंतर हवा तो भाग कापून काढला की बारकावे कमी राहतात आणि एडिटिंगला वेळ खूप जातो, ज्याला तेच आवडतं त्याने जरूर घ्यावा. गार्मिन कॅटॅलिस्ट, एआयएमचा स्मार्टीकॅम, व्हीबॉक्स, ह्या खास रेसिंगसाठीच बनवलेल्या वस्तू आहेत, व्हिडिओ आणि डेटा आपोआप एकत्र येतो, रेस करणार असाल तर तेच योग्य. माझ्यासारख्या वर्षातून तीनदा जाणाऱ्याला तेवढा खर्च परवडत नाही.

तर शेवटी मी काय घेतलं, हीरो ११ ब्लॅक, सेकंडहँड, फोर्टला बोराबाजारातून, १९,००० ला. नवीन मॉडेल न घेता वाचलेल्या पैशात माइक, कार्ड, पाइप, पॉवरचं दार सगळं आलं. दुकानदार सज्जन होता, स्वतःचं कार्ड घालून अर्धा तास रेकॉर्डिंग चालू ठेवू दिलं, तोवर चहा पाजला. जुना घेताना लेन्सवर टॉर्च मारून बुरशी बघा, मुंबईत बंद कपाटात पडलेल्या कॅमेऱ्याला ती धरतेच, घरी आणल्यावर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. पुढची काच घासलेली असली तर घाबरू नका, हीरो ९ पासून १३ पर्यंत ती बदलता येते. दाराचं रबर आणि यूएसबीचं पोर्ट मात्र नीट बघा. आठ महिने झाले, दोन ट्रॅक डे झाले, एकदाही मधे थांबलेला नाही.

कमी आहे ती पायांची. ब्रेकवर पाय कसा येतो ते ह्या जागेवरून दिसत नाही, आणि खाली एवढा अंधार असतो की वेगळा दिवा लावल्याशिवाय काही येत नाही. एलईडीची पट्टी स्टिअरिंग कॉलमच्या खाली चिकटवून बघितलीय, डोळ्यांवर येत नाही, पण दुसरा कॅमेरा पेडलच्या जवळ बसवायची माझी हिंमत होत नाही, सुटून पेडलखाली गेला तर काय. डाव्या बाजूच्या प्लॅस्टिकच्या आत पक्का बोल्ट मारून बसवता येईल का ते कुर्ल्याच्या एका मेकॅनिकला विचारलंय, तो पुढच्या रविवारी गाडी उघडून बघणार आहे. पुण्याजवळ नानोली स्पीडवे झाल्यामुळे आता दर वेळी चेन्नई गाठायला नको, पुढचा नंबर तिथलाच लावायचाय, तोपर्यंत हे जमलं तर बघू, नाही जमलं तर हात आणि पट्टी एवढ्यावरच जाणार.